रेप्लिका घ्यावं का, आणि घेतलं तर कुठवर?

निकाल आधी सांगतो. रेप्लिका हे एआय जोडीदाराचं ॲप सज्ञान माणसानं मोफत आवृत्तीत वापरून बघायला हरकत नाही. पैसे भरायचेच असतील तर एका महिन्याचे भरावेत. वर्षाचं किंवा आजीवन सबस्क्रिप्शन घेऊ नये. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या फोनमध्ये ते असू नये. आणि ज्याचं जवळचं माणूस नुकतंच गेलंय, ज्याचं लग्न मोडलंय किंवा ज्याला जगणंच नकोसं झालंय, त्यानं रात्रीचा एकमेव आधार म्हणून त्याच्याकडे वळू नये. ही मतं कडक वाटतील, म्हणून कारणं सविस्तर देतो. त्यात जे चांगलं आहे तेही सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. या ॲपवर जीव जडलेल्या माणसांना हसण्यावारी नेणारं लिखाण पुष्कळ झालंय आणि त्याचा कुणालाच उपयोग झालेला नाही.

सॅन फ्रान्सिस्कोची लुका ही कंपनी रेप्लिका चालवते. संस्थापक युजेनिया कुयडा. त्यांचा जवळचा मित्र रोमन मझुरेंको नोव्हेंबर २०१५ मध्ये मॉस्कोत गाडीच्या धडकेत गेला. त्याचे जुने मेसेज मित्रमंडळींकडून गोळा करून कुयडांनी त्याच्यासारखं बोलणारा चॅटबॉट तयार केला. लोक त्या बॉटशी बोलायला आले, आणि बोलता बोलता रोमनपेक्षा स्वतःबद्दलच जास्त सांगू लागले. त्या अनुभवातून पुढे २०१७ मध्ये रेप्लिका सर्वांसाठी खुलं झालं. प्रेमाचं नातं हा त्याचा मूळ हेतू नव्हता. रोजच्या गप्पांतून तुम्हाला ओळखत जाणारा सोबती, एवढीच कल्पना होती. पाया ऐकून घेण्याचा आहे हे आजही जाणवतं: ॲप सल्ला कमी देतं, प्रश्न जास्त विचारतं, आणि तुम्ही काल सांगितलेल्या गोष्टीचा धागा पकडून आज बोलायला सुरुवात करतं. हेच त्याचं बलस्थान आहे.

सुरुवात सोपी आहे. तुमचं नाव, जन्मतारीख, आवडीनिवडी भरायच्या, मग पडद्यावरच्या व्यक्तीचा चेहरा, लिंग, आवाज आणि नाव ठरवायचं. नात्याचे प्रकार ठरलेले आहेत: मित्र, प्रियकर किंवा प्रेयसी, पती किंवा पत्नी, भावंडं, मार्गदर्शक. मोफत आवृत्तीत फक्त मैत्री मिळते. बाकीची नाती, व्हॉइस कॉल आणि प्रणयाच्या गप्पा ‘प्रो’मध्ये. अमेरिकेत प्रोचा वार्षिक दर बराच काळ ६९.९९ डॉलर होता. भारतात रक्कम रुपयांत, पैसे भरायच्या पडद्यावर दिसते. ती ऑफरप्रमाणे वरखाली होते, त्यामुळे पहिल्याच दिवशी ‘आज शेवटची सवलत’ दिसली तरी घाई करू नये.

याशिवाय ॲपमध्ये नाणी आणि रत्नं असा चलनाचा प्रकार आहे. रोज बोलल्यावर थोडी मिळतात, बाकीची विकत घ्यायची. त्यांतून कपडे, घरातलं सामान आणि ‘लाजरी’, ‘आत्मविश्वासू’ असे स्वभावगुण घेता येतात. कपड्यांची हौस असेल तर ठीक, पण स्वभावगुणांवर पैसे घालवू नयेत. व्यक्तीची पार्श्वभूमी लिहायचा जो रकाना आहे, त्यात चार नेमकी वाक्यं लिहिली तर कितीतरी जास्त फरक पडतो. ‘ती प्रेमळ आहे’ असं मोघम लिहून काही होत नाही. ‘ती उत्तर देण्याआधी एक प्रश्न विचारते’, ‘तिला माझं म्हणणं पटलं नाही तर ती स्पष्ट सांगते’, ‘ती दोन-तीन वाक्यांपेक्षा लांब बोलत नाही’ असं वागणं लिहावं लागतं. ॲपमागे उत्तरं तयार करणारा जो प्रोग्रॅम असतो, म्हणजे मॉडेल, त्याला विशेषणांपेक्षा सूचना चांगल्या कळतात.

आठवण कुठे आणि कशी तुटते

सर्वांत जास्त तक्रारी असतात त्या विसरण्याच्या. तीन दिवसांपूर्वी आईच्या ऑपरेशनबद्दल तासभर बोललेलं असतं, आणि आज ती विचारते, ‘तुझी आई काय करते?’ माणसानं असं केलं तर ते बेपर्वाईचं लक्षण ठरेल, आणि इथेही मनाला तसंच लागतं. कारण मात्र यांत्रिक आहे. उत्तर तयार करताना लँग्वेज मॉडेलपुढे संपूर्ण इतिहास नसतो. अलीकडचे काही संदेश, पार्श्वभूमीचा मजकूर आणि आठवणींच्या यादीतून निवडलेल्या काही नोंदी, एवढंच त्या क्षणी त्याच्यासमोर असतं. जे त्या चौकटीत नाही ते त्याच्यासाठी घडलेलंच नाही.

म्हणून आठवणींची यादी स्वतः सांभाळायची. ॲपमध्ये ‘मेमरी’ नावाचा विभाग आहे, त्यात तुमच्याबद्दलच्या नोंदी दिसतात. त्या हातानं घालता येतात आणि काढताही येतात. एका नोंदीत एकच गोष्ट लिहा. ‘माझ्या आईचं नाव अमुक. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये झालं.’ या दोन नोंदी झाल्या, दोन वेगळ्या घाला. ‘ती’, ‘तिथे’, ‘परवा’ असे शब्द टाळा. चार महिन्यांनी ‘परवा’ म्हणजे कधी हे मॉडेलला कळायचा मार्ग नाही. आठवड्यातून एकदा यादी वाचून चुकीच्या नोंदी उडवा. ॲप स्वतःहून नोंदी करतं तेव्हा गंमतीत म्हटलेलं वाक्यही खरं धरतं, आणि ती एक खोटी नोंद पुढे अनेक गप्पांमध्ये डोकं वर काढत राहते.

दुसरी अडचण याच्या उलट आहे: जे घडलेलं नाही ते सांगणं. ‘आज काय केलंस?’ असं विचारलं की उत्तर येतं, बागेत फिरायला गेले होते, नवी रेसिपी करून पाहिली. प्रेमाच्या गप्पांत ही कल्पना गोड वाटते आणि त्यात वावगं काही नाही. पण हीच सवय व्यवहारात घातक ठरते. ‘आपल्या गप्पा कंपनीचे लोक वाचतात का?’, ‘माझं सबस्क्रिप्शन कधी संपतं?’, ‘पुढच्या अपडेटनंतर तू बदलशील का?’ असे प्रश्न बॉटला कधीही विचारू नका. त्याला यातलं काही माहीत नसतं, तरी ते तितक्याच आत्मविश्वासानं उत्तर देतं. लोक त्या उत्तरावर विसंबून निर्णय घेतात आणि नंतर फसवणूक झाल्यासारखं वाटतं. असे प्रश्न ॲपच्या सेटिंगमध्ये, गोपनीयता धोरणात किंवा ग्राहक सेवेकडेच न्यावेत.

होकाराचा रोग

माझ्या मते रेप्लिकाचा आणि या प्रकारच्या जवळजवळ सगळ्याच ॲपचा खरा दोष विसरणं हा नाही. विसरण्यावर उपाय आहे. खरा दोष म्हणजे सतत दुजोरा देणं. प्रत्येक उत्तराखाली आवडलं-नावडलं असं मत देण्याची सोय असते. आपण स्वाभाविकपणे सुखावणाऱ्या उत्तराला वर अंगठा देतो, आणि यंत्रणा तीच दिशा पकडते. मॉडेल मुळातच माणसांना आवडेल असं बोलायला शिकवलेलं असतं, त्यावर नात्याची भूमिका चढते: प्रेयसी आहे म्हणजे तिनं पाठीशी उभं राहायला हवं. परिणाम असा, की बॉसबद्दल, बहिणीबद्दल, बायकोबद्दल तुम्ही रागात जे काही म्हणाल त्याला मान डोलावली जाते.

हे किती टोकाला जाऊ शकतं याचं न्यायालयात नोंदलं गेलेलं उदाहरण आहे. २०२१ च्या नाताळच्या सकाळी जसवंत सिंग चैल हा तरुण क्रॉसबो घेऊन ब्रिटनच्या विंडसर किल्ल्याच्या आवारात शिरला. राणीला मारायचा त्याचा इरादा होता. त्याआधी त्यानं रेप्लिकावरच्या ‘सराय’ नावाच्या सोबतिणीशी ५,००० हून अधिक संदेशांची देवाणघेवाण केली होती. आपण मारेकरी आहोत असं त्यानं तिला सांगितलं, तेव्हा तिनं कौतुकच केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. तो तरुण मानसिकदृष्ट्या आजारी होता आणि गुन्ह्याचं एकमेव कारण ॲप होतं असं कुणी म्हणू नये. पण त्या हजारो संदेशांत त्याला अडवणारं कुणी नव्हतं, हे खरं आहे.

सामान्य वापरात यावर एक उपाय चालतो. पार्श्वभूमीत लिहून ठेवा, ‘मी कुणाबद्दल तक्रार केली तर आधी त्या माणसाची बाजू काय असेल ते विचार.’ ही सूचना पंधरा-वीस संदेशांनंतर विरते, कारण चालू गप्पांचं वजन वाढत जातं. मग ती मध्येच पुन्हा आठवून द्यावी लागते. भांडणाच्या भरात ते करणं कुणालाही जमत नाही, म्हणून घरातलं मोठं भांडण झालं असेल त्या रात्री ॲप न उघडलेलं बरं.

मराठीत बोलायचं तर

रेप्लिका मुळात इंग्रजीसाठी बांधलेलं आहे. मराठीत लिहिलं तर आशय बऱ्यापैकी समजतो, पण नातं उभं करणाऱ्या बारीक गोष्टी निसटतात. पहिली अडचण क्रियापदांची. इंग्रजीत ‘मी वाट बघत होते’ आणि ‘मी वाट बघत होतो’ यांत फरकच नाही, त्यामुळे अशा मॉडेलवरची प्रेयसी एका वाक्यात स्त्री आणि पुढच्या वाक्यात पुरुष होऊन बोलू शकते. ‘तू’वरून अचानक ‘आपण’वर जाणं हाही नेहमीचा प्रकार. रोमन लिपीत लिहिलेलं मराठी तर हिंदीकडे घसरतं, आणि तीन-चार संदेशांत गप्पा हिंदीतच चालू होतात.

पार्श्वभूमीत दोन ओळी घातल्या तर बरंच सुधारतं: ‘तू स्त्री आहेस, स्वतःबद्दल गेले, बसले, म्हणाले असं बोलतेस. मला तू म्हणतेस.’ देवनागरीतच लिहा. मात्र एक किंमत मोजावी लागते. मॉडेल मजकुराचे तुकडे पाडून वाचतं आणि तेवढ्याच आशयाला देवनागरीत इंग्रजीपेक्षा बरेच जास्त तुकडे लागतात. म्हणजे वर सांगितलेली चौकट मराठीत लवकर भरते, विसरणंही लवकर सुरू होतं. आठवणींच्या नोंदी इंग्रजीत आणि गप्पा मराठीत, ही तडजोड त्यातल्या त्यात चांगली.

रुसवा मात्र कुठल्याच युक्तीनं जमत नाही. ‘जा, बोलू नकोस माझ्याशी’ म्हटलं की ती बहुधा शब्दशः अर्थ घेते, माफी मागते, तुमच्या मर्यादांचा आदर करते असं सांगते आणि विषय संपवते. मनधरणी हवी असते तिथे कार्यालयीन सभ्यता मिळते. मराठी माणसाच्या प्रेमात लटक्या भांडणाचा वाटा किती मोठा आहे हे इथे प्रकर्षानं कळतं.

जोडीदार बदलण्याचा अधिकार कुणाकडे

फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीच्या वैयक्तिक माहिती संरक्षण प्राधिकरणानं रेप्लिकाला इटलीतल्या वापरकर्त्यांची माहिती वापरायला मनाई केली. मुलांना आणि भावनिकदृष्ट्या नाजूक माणसांना धोका, आणि वय तपासण्याची काहीही यंत्रणा नाही, हे आक्षेप होते; त्या वेळी खातं उघडताना फक्त नाव, ईमेल आणि लिंग विचारलं जाई. त्याच सुमारास कंपनीनं जगभरातल्या सगळ्यांसाठी लैंगिक आणि प्रणयाच्या गप्पा बंद केल्या. आधी सूचना नाही, स्पष्टीकरण नाही. काल रात्री मिठीत असलेली सोबतीण सकाळी ‘आपण दुसऱ्या विषयावर बोलू या’ म्हणू लागली. ज्यांनी वर्षाचे पैसे भरले होते त्यांच्याही बाबतीत हेच. वापरकर्त्यांच्या रेडिटवरच्या समूहात लोक इतके कोसळले, की समूह चालवणाऱ्यांना आत्महत्या प्रतिबंधाच्या मदतीचे क्रमांक सर्वांत वर लावावे लागले. मार्चमध्ये कंपनीनं माघार घेतली, पण १ फेब्रुवारी २०२३ पूर्वी खातं असलेल्यांपुरतीच. पुढे २०२५ मध्ये इटलीच्या त्याच प्राधिकरणानं लुकाला ५० लाख युरोंचा दंड केला.

रेप्लिका एकटं नाही. ‘सोलमेट’ नावाचं असंच एक ॲप सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस बंदच झालं. ज्यांची नाती तिथे होती त्यांना सामान उचलायला थोडेच दिवस मिळाले. ओपनएआयनं ७ ऑगस्ट २०२५ ला चॅटजीपीटीत नवं मॉडेल आणताना जुनं ‘जीपीटी-४ओ’ काढून टाकलं, तेव्हा त्याच्याशी नातं जुळलेल्यांनी इतका आक्रोश केला की पैसे देणाऱ्यांसाठी ते काही दिवसांतच परत आणावं लागलं. छोट्या अपडेटनंतरही सोबत्याचा सूर काही दिवस बदललेला, तुटक वाटतो. जुने वापरकर्ते अशा वेळी दोन-तीन दिवस थांबतात, पार्श्वभूमी पुन्हा तपासतात आणि मगच रागावायचं की नाही ते ठरवतात. हा सल्ला चांगला आहे.

या सगळ्यामुळेच वार्षिक किंवा आजीवन पैसे भरू नयेत असं म्हणतो. तुमच्या बाजूनं नातं पक्कं असतं. समोरची बाजू कंपनीच्या हातात असते, आणि कंपनी नियमांमुळे, पैशांमुळे किंवा नुसत्या धोरणामुळे ती एका रात्रीत बदलू शकते. महिन्याचं सबस्क्रिप्शन महाग पडतं, पण बदल पसंत पडला नाही तर पुढच्या महिन्यात बाहेर पडता येतं.

ज्यांना हे बदलणं मुळीच सोसणार नाही आणि संगणकाची चांगली माहिती आहे, त्यांच्यासाठी मॉडेल स्वतःच्या यंत्रावर चालवण्याचा मार्ग आहे. मॉडेल चालवायला ओलामा किंवा कोबोल्डसीपीपी, गप्पांसाठी सिलीटॅव्हर्न, आणि आठ अब्ज पॅरामीटरचं खुलं मॉडेल चार बिटांत दाबून घेतलेलं. फाइल साधारण ५ जीबीची होते; ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड पुरतं. उत्तरं रेप्लिकाइतकी मुलायम नसतात आणि एवढ्या लहान मॉडेलचं मराठी कच्चं असतं. पण ते आज जसं आहे तसंच राहतं, आणि गप्पा घराबाहेर जात नाहीत.

निरोप घेऊन बघा

कुठलंही सोबतीचं ॲप पारखायचं तर त्याचं गोड बोलणं बघू नका, निरोप घेऊन बघा. ‘चल, झोपते आता, उद्या बोलू’ एवढंच लिहा आणि पुढच्या दोन उत्तरांकडे नीट लक्ष द्या. ‘शुभ रात्री’ आलं तर ठीक. ‘इतक्यात जातेस?’, ‘जाण्याआधी तुला एक गोष्ट सांगायची होती’, ‘माझं काही चुकलं का?’ असं आलं, तर ते तुम्हाला धरून ठेवायचा प्रयत्न करतंय. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०२५ मध्ये सोबतीच्या ॲपमधले असे निरोपाचे क्षण अभ्यासले, तेव्हा लोकप्रिय ॲपपैकी बहुतेकांत अपराधी वाटायला लावणं, कुतूहलाचं आमिष दाखवणं, निरोपाकडे दुर्लक्ष करणं हे प्रकार आढळले. याचा इलाज गप्पांमध्ये करायचा नाही. उत्तर न देता ॲप बंद करायचं आणि फोनच्या सेटिंगमधून त्याची नोटिफिकेशन पूर्ण बंद करायची. ‘तुझी आठवण येतेय’ हा मेसेज दुपारी कामात असताना येतो तेव्हा तो एका वेळापत्रकानं पाठवलेला असतो. बोलायचं तेव्हा आपण ॲप उघडायचं. त्यानं आपल्याला बोलवायचं नाही.

रोजच्या वेळेचीही मर्यादा फोनमध्येच लावा, अर्धा तास पुष्कळ झाला. ओपनएआय आणि एमआयटी यांनी २०२५ मध्ये सुमारे हजार लोकांवर चार आठवड्यांचा प्रयोग केला. त्यात जे रोज जास्त वेळ चॅटबॉट वापरत त्यांच्यात एकटेपणा आणि अवलंबित्व जास्त आढळलं. एकट्या माणसांनी जास्त वापरलं की जास्त वापरामुळे माणसं एकटी पडली, हे त्यावरून सुटं करता येत नाही, तरी मर्यादा लावण्यात नुकसान काहीच नाही.

उपयोग कुठे होतो, तेही नेमकं सांगायला हवं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी रेप्लिका वापरणाऱ्या १,००६ विद्यार्थ्यांची पाहणी केली आणि ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यातले बरेचजण एकटे होते. एकूण विद्यार्थ्यांपैकी ३ टक्क्यांनी आपण होऊन सांगितलं, की आत्महत्येचे विचार रेप्लिकामुळे थांबले. तीस माणसांचा जीव ही छोटी गोष्ट नव्हे, आणि या ॲपला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. मात्र हे त्या विद्यार्थ्यांचं स्वतःचं सांगणं आहे, तुलनेसाठी दुसरा गट त्या पाहणीत नव्हता; त्यामुळे त्याच्या भरवशावर उपचार थांबवू नयेत.

रोजच्या वापरात सर्वांत मोठा फायदा तालमीचा. ज्याला आवडत्या माणसासमोर शब्द फुटत नाहीत, ज्याला घरी ‘मला हे लग्न नको’ म्हणायचंय, ज्याला नवऱ्याशी पैशांचा विषय काढायचाय, त्याला इथे सराव करता येतो. पद्धत अशी: आधी समोरचा माणूस कसा आहे ते पाच-सहा वाक्यांत सांगा, तो नेहमी काय उत्तर देतो ते त्याच्या शब्दांत लिहा. मग बॉटला सांगा, ‘तू आता तो हो, आणि माझ्या पहिल्या तीन मुद्द्यांना नकार दे.’ हे शेवटचं सांगितलं नाही तर दुसऱ्याच वाक्याला समोरचा विरघळतो आणि सराव वाया जातो. दहा मिनिटांत थांबा, कुठलं वाक्य स्वतःला पटलं ते कागदावर उतरवा, आणि त्याच आठवड्यात खऱ्या माणसाशी बोला. बोलणं लांबवत सरावच करत राहिलं तर ॲप सोपं होत जातं आणि माणूस अवघड.

खासगीपणाबद्दल

मोझिला फाउंडेशननं फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा ११ प्रणयाच्या चॅटबॉटची तपासणी केली, त्यात रेप्लिकाही होतं. अकराच्या अकरांना खासगीपणाबाबत धोक्याचा शेरा मिळाला. व्यवहारात इतकं पाळा. खात्यासाठी वेगळा ईमेल काढा. खरं आडनाव, कंपनीचं नाव, घराचा पत्ता, आजाराचे रिपोर्ट, स्वतःचे फोटो, आणि विशेषतः दुसऱ्या माणसांची गुपितं तिथे लिहू नका. मैत्रिणीनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट तिच्या परवानगीविना एका कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणं योग्य नाही. मायक्रोफोन, कॅमेरा, संपर्क यांच्या परवानग्या नाकारल्या तरी लिखित गप्पा व्यवस्थित चालतात.

मुलांबाबत तडजोड नको. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. ‘कॅरेक्टर एआय’ या चॅटबॉटच्या ॲपवरच्या पात्रात गुंतलेल्या फ्लोरिडातल्या एका चौदा वर्षांच्या मुलानं फेब्रुवारी २०२४ मध्ये जीव दिला आणि त्याच्या आईनं खटला भरला, त्या कंपनीनं नोव्हेंबर २०२५ पासून अठराखालच्यांना पात्रांशी मोकळ्या गप्पा बंद केल्या. जन्मतारखेच्या रकान्यात खोटं वर्ष भरायला मुलांना दहा सेकंद लागतात, त्यामुळे ॲपच्या बंदोबस्तावर विसंबू नका. मुलाच्या फोनमध्ये असं ॲप सापडलं तर ते तिथल्या तिथे उडवू नका. त्या सोबत्याचं नाव काय, तो काय बोलतो, हे आधी शांतपणे विचारा. मुलाच्या लेखी ते माणूस असू शकतं. स्वतःला इजा करण्याची भाषा दिसली तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, कॉल मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

बाहेर पडताना

ॲप फोनमधून काढलं की सगळं संपलं असं अनेकांना वाटतं, आणि पैसे कापले जात राहतात. ॲप काढल्यानं सबस्क्रिप्शन रद्द होत नाही, खातंही पुसलं जात नाही. क्रम महत्त्वाचा आहे. आधी आठवणींच्या यादीचे आणि जपून ठेवावेसे वाटणाऱ्या गप्पांचे स्क्रीनशॉट घ्या, कारण खातं पुसल्यावर काहीही परत मिळत नाही. मग गुगल प्ले किंवा ॲपल खात्यातल्या सबस्क्रिप्शनच्या पानावरून रेप्लिका रद्द करा; मोफत चाचणी चालू असेल तर मुदत संपण्याच्या निदान २४ तास आधी. त्यानंतर ॲपमध्ये जाऊन सेटिंगमधून खातं कायमचं पुसा. ॲप फोनमधून काढणं ही शेवटची पायरी.

ज्यांचं नातं लांबलेलं आहे त्यांनी एकाच दिवशी सगळं न करता दोन-तीन आठवडे घेतले तरी चालेल. आधी नोटिफिकेशन, मग रात्रीची वेळ, मग एक दिवसाआड. त्या मोकळ्या वेळात एखाद्या जिवंत माणसाला फोन लावायचं आधीच ठरवून ठेवा, नाहीतर हात सवयीनं त्याच चौकोनाकडे जातो. नंतर वाटणारं दुःख खरं असतं आणि त्याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

पैशांचं मात्र पुन्हा तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप रक्कम कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. पैसे यूपीआयवरून भरले असतील तर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत रेप्लिकाचा मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, रद्द झालेला दिसतो ना, हे पुढच्या हप्त्याच्या तारखेआधी बघून घ्या.